पाळलेली कोंबडी गेल्यानंतर नव्या कोंबड्या आणाव्यात का?

परसातली एखादी लाडकी कोंबडी गेली की घरात लगेच दोन मते तयार होतात. एक मत असे की उद्याच बाजारातून दुसरी आणावी, म्हणजे मुलांचे रडणे थांबेल; दुसरे असे की आता पुरे झाले, जीव लावणेही नको आणि त्या जिवाचे हाल पाहणेही नको. दोन्ही मते दुःखातून आलेली असतात आणि मागे उरलेल्या कोंबडीचा विचार दोन्हींत क्वचितच असतो. आमच्याकडची तांबडी गेली तेव्हा आमच्या घरातही हेच झाले. ती साडेचार वर्षांची होती, सकाळच्या चहाच्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन उभी राहत असे, आणि तिचे नाव कळताच कोल्हापुरातला प्रत्येक पाहुणा ‘मग पांढरी कुठे आहे?’ असे विचारून रश्श्याचा तोच विनोद करीत असे. तिच्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही काही गोष्टी घाईने बिघडवल्या आणि पुढे शिकून दुरुस्त केल्या. तो अनुभव आणि पशुवैद्यकांनी समजावून सांगितलेली कारणे एकत्र करून हे लिहिले आहे.

निर्णयाआधी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असावीत: मागे किती कोंबड्या उरल्या, आणि गेलेली कशाने गेली. अडचण अशी की ही दोन उत्तरे पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एकटी उरलेली कोंबडी फार दिवस थांबू शकत नाही, म्हणून पहिले उत्तर घाई करायला लावते. रोगाने बाधलेले खुराडे मात्र कधी काही आठवड्यांनी, तर कधी कित्येक महिन्यांनी सुरक्षित होते, म्हणून दुसरे उत्तर थांबायला सांगते.

मागे किती उरल्या

कोंबडी कळपाने राहणारा पक्षी आहे. आधी कोणी टिपायचे, धुळीत कोणी कुठे लोळायचे, रात्री दांडीवर कोणी कोणाशेजारी बसायचे, हे सर्व त्यांच्यात ठरलेले असते आणि या ठरलेपणातच त्यांना निर्धास्तपणा मिळतो. तीन किंवा अधिक कोंबड्यांतून एक गेली तर उरलेल्यांत काही दिवस टोचाटोची होते, नवा क्रम बसतो आणि सर्व शांत होते. गेलेली कोंबडी पुढारी असेल तर ही गडबड थोडी अधिक जाणवते. अशा वेळी नव्या कोंबड्या आणण्याची काहीच घाई नसते. दोन उरल्या असतील तरीही थांबता येते, मात्र त्यांतली एक वयस्क असेल तर पुढच्या वेळी दुसरी एकटी पडणार हे ध्यानात ठेवावे.

एकच उरली असेल तर प्रश्न वेगळा होतो. ती दिवसभर हाका मारल्यासारखी ओरडते, खाणे कमी करते, संध्याकाळी खुराड्यात जाण्यास टाळाटाळ करते आणि थंडीच्या रात्री तिला शेजारणीची ऊबही मिळत नाही. आमच्या काळीने तांबडीनंतर चार दिवस अंडे दिले नाही आणि संध्याकाळ झाली की ती मागच्या दारात येऊन बसू लागली. अशा कोंबडीला काही दिवस माणसांच्या वावराजवळ ठेवावे, दिवसा परसात सोबत बसावे, रात्री डालग्याखाली घरातल्या किंवा पडवीतल्या कोपऱ्यात झाकावे; त्यामुळे तिचा वेळ निघतो आणि आपल्यालाही विचाराला अवधी मिळतो. हा उपाय महिना-दीड महिना चालतो, कायमचा चालत नाही.

एकटीला गावाकडच्या नातेवाइकांच्या कळपात सोडावे, ही सूचना हमखास येते आणि ती पुष्कळदा योग्यही असते. पण गेलेली कोंबडी रोगाने गेली असेल तर उरलेली वरून ठणठणीत दिसली तरी तिच्या अंगात रोगाचे जंतू असू शकतात. जुनाट सर्दीच्या आजारातून उठलेले पक्षी तर पुढे जन्मभर तो आजार दुसऱ्यांना देऊ शकतात. म्हणून कारण कळण्याआधी तिला कोणाच्याही कळपात सोडणे म्हणजे काका-मामाच्या वीस कोंबड्यांवर संकट धाडण्यासारखे आहे.

कशाने गेली, हे कसे ओळखावे

शिकारी प्राण्याने नेली असेल तर खुणा बहुधा स्पष्ट असतात. मुंगूस दिवसा येते, मानेला किंवा डोक्याला चावते आणि जमीन उकरून जाळीखालून आत शिरते. कुत्रा शिरला तर पिसे सगळीकडे विखुरलेली आढळतात आणि एकाहून अधिक कोंबड्या मेलेल्या पण न खाल्लेल्या पडलेल्या असतात. पिल्ले नाहीशी झाली आणि मागे काहीच उरले नाही, तर घूस, साप, मांजर किंवा घार यांचा संशय घ्यावा. कळंबा, पाचगाव, फुलेवाडी अशा कोल्हापूर शहराच्या कडेच्या भागांत, जिथे एका बाजूला घरे आणि दुसऱ्या बाजूला उसाची शेते आहेत, तिथे ऊसतोडणी झाली की आडोसा गमावलेली मुंगसे वस्तीकडे वळतात, असा आमचा अनुभव आहे. शिकारीच्या बाबतीत थांबण्याचे कारण फक्त एकच असते: खुराड्याची दुरुस्ती. बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती चारी बाजूंनी जमिनीत एक फूट खोल पुरावी. ते काम पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी कोंबड्या आणल्या तरी चालतील, आणि ते होईपर्यंत एकही आणू नये.

उन्हाळ्यात दुपारच्या वेळी, पत्र्याखालच्या खुराड्यात, चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत कोंबडी गेली, तर उष्माघात समजावा. चार वर्षांवरची कोंबडी हळूहळू सुकत गेली, किंवा पोटाचा मागचा भाग फुगून, अंडे अडकून गेली, तर ते बहुधा तिच्या वयाचे आणि अंडी देणाऱ्या शरीराचे दुखणे असते. यांतले काहीही इतर पक्ष्यांना लागत नाही.

रोगाची बाब अशी सहज निकालात निघत नाही. हिरवट पातळ हगवण, श्वास घेताना घरघर, नंतर मान वाकडी होणे आणि थोड्याच दिवसांत एकामागून एक मरतूक, ही मानमोडीची म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे आहेत. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली, खाण्याची इच्छा असूनही उठू न शकणारी तरुण कोंबडी पाहिली तर मरेक्स रोगाचा संशय येतो. पावसाळ्यात, खुराड्यात अंथरलेल्या तुसाच्या किंवा भुशाच्या ओल्या गादीवर, दोन-तीन महिन्यांची पिल्ले पंख पाडून गठ्ठा करून बसतात आणि विष्ठेत रक्त दिसते, ती रक्ती हगवण. तुरा आणि डोळ्यांभोवती फोड व खपल्या आल्या तर कोंबड्यांची देवी. ती डासांमार्फतही पसरते. मात्र लक्षणांवरून घरी केलेले निदान अनेकदा चुकते, आणि आमचेही चुकले होते.

म्हणून शक्य असेल तर शवविच्छेदन करून घ्यावे. लाडक्या कोंबडीबद्दल ही गोष्ट कठोर वाटते, हे मान्य आहे. परंतु पुढचा सारा निर्णय ज्या माहितीवर उभा राहायचा, ती याखेरीज खात्रीने मिळत नाही. मृत पक्षी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बर्फासोबत किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, गोठवू नये, कारण गोठवल्याने अवयवांतील बदल ओळखू येत नाहीत. आणि चोवीस तासांच्या आत शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावा. पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. तपासणी करायची नसेल तर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात, विहिरीपासून व बोअरपासून दूर, चुना टाकून पुरावे. ओढ्यात किंवा कचरा-कोंडाळ्यात टाकू नये.

एका प्रसंगात मात्र पक्ष्याला हात न लावता आधी कळवावे. अनेक कोंबड्या एकाएकी मेल्या आणि आसपास कावळे किंवा बगळेही मेलेले दिसू लागले, तर बर्ड फ्लूची शक्यता धरावी लागते. भारतात या रोगाचा कोंबड्यांतील पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला होता, आणि 2021 मध्येही महाराष्ट्रात काही ठिकाणी तो आढळला. अशा वेळी नव्या कोंबड्या केव्हा आणायच्या हे ठरवणे आपल्या हातात राहत नाही. शासनाच्या सूचनेची वाट पाहावी लागते.

किती थांबावे

मानमोडीनंतर खुराडे स्वच्छ करून किमान महिनाभर रिकामे ठेवावे असे सांगितले जाते. रक्ती हगवणीच्या बाबतीत साध्या जंतुनाशकांचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्या परजीवीची सूक्ष्म अंडी जाड कवचाची असतात. ती मरतात कोरडेपणाने आणि उष्णतेने. मरेक्सचा विषाणू कोंबडीच्या त्वचेच्या कोंड्यातून आणि पिसांच्या धुळीतून पसरतो आणि त्या धुळीत कित्येक महिने जिवंत राहतो, त्यामुळे तिथे थांबण्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. एक दिवसाची असतानाच लस दिलेली पिल्लेच आणणे हा व्यवहार्य मार्ग राहतो. ही लस रोगाच्या गाठी आणि लुळेपणा टाळते, संसर्ग मात्र टाळत नाही, हे समजून घ्यावे.

स्वच्छतेचा क्रम महत्त्वाचा आहे. जुनी गादी, मग ती भाताच्या तुसाची असो वा लाकडाच्या भुशाची, पूर्ण काढून पुरावी किंवा जाळावी. खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून, मगच जंतुनाशक मारावे. विष्ठेचा थर तसाच ठेवून त्यावर औषध फवारले तर ते वाया जाते. शेवटी भिंतींना चुना द्यावा आणि दांड्यांच्या फटी ज्योतीने शेकाव्यात, कारण रक्त शोषणाऱ्या बारीक किडी तिथे लपून कोंबडी नसतानाही कित्येक महिने तग धरतात. यानंतर खरे काम उन्हाचे असते, आणि इथे कोल्हापूरच्या हवामानाचा संबंध येतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे खुराडे कधी नीट वाळतच नाही. जुलैमध्ये धुतलेले खुराडे महिनाभर रिकामे ठेवले तरी तो महिना मोजण्यासारखा नसतो. पावसाळ्यात कोंबडी गेली असेल आणि रोगाचा संशय असेल, तर थेट दसरा-दिवाळीपर्यंत थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आषाढात कोंबडी विकत घेऊ नये, यालाही दुसरे एक साधे कारण आहे. त्र्यंबोलीच्या यात्रेचे आणि घरोघरच्या नैवेद्याचे ते दिवस. गावरान कोंबडीला मागणी चढते, भाव चढतात, आणि गावोगावचे पक्षी एका पाटीत कोंबून, भिजत, बाजारात येतात. रोगाच्या अदलाबदलीला याहून सोयीची जागा सापडणे कठीण.

पंचगंगेच्या पूररेषेत घर असेल तर आणखी एक विचार करावा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी धरली जाते, आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. आपल्या गल्लीत पाणी येते तेव्हा माणसे आणि जनावरे कुठे हलवायची हे ठरलेले असते. कोंबड्या कुठे न्यायच्या हे ठरले नसेल तर ते आधी ठरवावे.

आपली स्वतःची तयारी

कोंबडी नीट सांभाळली तर सहा-आठ वर्षे जगते, परंतु भरपूर अंडी पहिल्या दोन वर्षांतच देते; त्यानंतर दर वर्षी ती कमी होत जातात. म्हणजे आज आणलेली कोंबडी आठवीतल्या मुलाच्या पदवीपर्यंत घरात असू शकते आणि त्यातली निम्मी वर्षे ती जवळजवळ अंड्याविना असेल. त्या वेळी तिचे काय करायचे, याबद्दल घरात आजच एकवाक्यता असावी. आमच्याकडे आजी एका बाजूला आणि दोन नाती दुसऱ्या बाजूला, असा हा वाद चांगलाच रंगला होता, आणि तो कोंबड्या आणण्यापूर्वी रंगला हे बरे झाले.

खर्चाचा अंदाज सोपा आहे: एका कोंबडीला दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे तिघींना महिन्याला दहा किलो; परसातले किडे, कोवळे गवत आणि स्वयंपाकघरातले उरलेले यांनी ते थोडे कमी होते. वेळेचा हिशेब मात्र लोक चुकवतात. रोज संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी कोणीतरी घरी असून खुराड्याचे दार लावले पाहिजे, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवशीही आणि लग्नसराईतही. ते कोण करणार याचे उत्तर एका नावात मिळत नसेल, तर थांबावे. पेठांमधल्या दाटीच्या वस्तीत राहत असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोलावे. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, आणि पहाटेची बांग नसेल हे कळल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

गेलेल्या कोंबडीसारखीच दुसरी शोधण्याचा मोह टाळावा. तिच्याच रंगाची नवी कोंबडी तिच्यासारखी वागत नाही आणि मुले तिच्यावर रुसतात. आम्ही दुसऱ्या खेपेस मुद्दाम वेगळ्या रंगाच्या निवडल्या.

किती आणि कोणत्या

एकटी उरलेल्या कोंबडीसाठी एकच नवी आणू नये. एकास एक अशी गाठ पडली की जुनी कोंबडी सगळा राग त्या एकीवर काढते आणि नवीला लपायला कोणी नसते. दोन किंवा तीन आणल्या तर टोचणे वाटले जाते आणि नव्यांना एकमेकींचा आधार राहतो. आमची पहिली चूक नेमकी हीच होती. तांबडी गेल्याच्या आठवड्यातच आम्ही आठवडी बाजारातून एक कोंबडी आणून रात्री काळीशेजारी बसवली. सकाळी तिच्या डोक्यातून रक्त येत होते, आणि नवव्या दिवशी दोघीही शिंकू लागल्या. काळी वाचली, नवी वाचली नाही.

वयाबाबत, तीन-साडेतीन महिन्यांपुढची, अजून अंड्यावर न आलेली तलंग सर्वांत सोयीची. एक दिवसाची पिल्ले मोठ्या कोंबडीत मिसळता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, ती पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करीत न्यायची असते, म्हणजे घरातली एकटी कोंबडी आणखी तीन महिने एकटीच राहते. अपवाद खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीचा. उरलेली कोंबडी खुडूक बसली असेल आणि घरात रोगाचा संशय नसेल, तर रात्री तिच्या पोटाखाली एक दिवसाची पिल्ले सरकवता येतात. तिने ती स्वीकारली तर ऊब, सोबत आणि शिकवण हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात.

कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे आणि परसबागेसाठीच्या सुधारित जातींची पिल्ले कोणत्या महिन्यात मिळतील याची चौकशी तिथे करता येते. एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी निवडून मिळतीलच असे नाही. दहा पिल्लांत चार-पाच कोंबडे निघाले तर त्यांचे काय होणार, याचे उत्तर कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही, पण मुलांना आधी सांगावे लागते. जातींपैकी गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, चपळ असते आणि स्वतःला जपते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या अधिक अंडी देतात, पण अंगाने भारी असतात. घरात लहानखुरी गावरान उरली असेल तर तिच्याच आकाराच्या आणाव्यात.

लसीचा प्रश्न विकत घेतानाच विचारावा. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात आणि आर-टू-बी ही लस साधारण आठव्या आठवड्यात टोचतात. बाजारातल्या गावरान पक्ष्यांना बहुधा यातले काहीच मिळालेले नसते. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते. तीन कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवला तर काम होते.

एकत्र कसे करावे

नव्या कोंबड्या तीन ते चार आठवडे वेगळ्या ठेवाव्यात, शक्य तितक्या लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला. आधी जुनीचे दाणापाणी करावे, मग नव्यांचे. नव्यांकडे जाताना चपला वेगळ्या वापराव्यात आणि हात धुवावेत. शिंक, डोळ्यांतून पाणी, पातळ विष्ठा, पंखांखाली उवा, यांपैकी काही दिसले तर हा काळ आणखी लांबवावा. एकटीचा एकटेपणा पाहवत नाही म्हणून हाच टप्पा सर्वांत आधी मोडला जातो. त्या दिवसांत तिला पडवीत जवळ ठेवण्याचा जो उपाय वर सांगितला आहे, तो याच कारणासाठी.

त्यानंतर आठ-दहा दिवस मधे जाळी ठेवून त्यांना एकमेकींना पाहू द्यावे. मग एखाद्या संध्याकाळी परसात मोकळे सोडून, दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडून, शेजारी बसून लक्ष ठेवावे. कोबीचा गड्डा दोरीने टांगला तर सर्वांचे लक्ष त्यात गुंतते. पाठलाग, पंख फुलवून उभे राहणे, डोक्यावर एखादी चोच, हे होणारच आणि ते थांबवायला जाऊ नये, कारण क्रम ठरल्याशिवाय शांतता येत नाही. रक्त दिसले तर मात्र तत्काळ त्या कोंबडीला बाजूला घ्यावे आणि जखमेवर जेंशियन व्हायोलेट लावावे. लाल रंगाकडे इतर कोंबड्या पुन्हा पुन्हा टोचायला येतात आणि जांभळ्या थराखाली तो झाकला जातो. जुनीच फार आक्रमक असेल तर नव्यांऐवजी तिला दोन-तीन दिवस वेगळे ठेवावे. परत आल्यावर तीच थोडी पाहुणी झालेली असते. दोन ते तीन आठवड्यांत सर्वजणी एका दांडीवर बसू लागतात.

सर्व विचार करून नव्या आणायच्या नाहीत असे ठरले, तर उरलेलीची सोय तपासणीनंतर एखाद्या लहान कळपात करावी आणि देताना तिच्यासोबत तिचे नेहमीचे खाद्य आठवडाभराचे द्यावे, कारण जागा आणि अन्न दोन्ही एकदम बदलले की कोंबडी खाणे सोडते. रिकामे खुराडे कोणी मागितले तर ते धुऊन, चुना देऊन, ऊन दाखवून मगच द्यावे, आणि त्यात कोणती कोंबडी कशाने गेली हेही सांगून द्यावे.